मुजावर सरांची तिसरी खोली

पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यात शिट्टी असते, हा जगाचा नियम आहे. आमच्या मुजावर सरांनी तीस वर्षांच्या नोकरीत शिट्टीला हात लावला नाही. ते टाळी वाजवत, आणि तीही एकच. नारायण पेठेतल्या आमच्या शाळेचं मैदान म्हणजे म्हणायचं म्हणून मैदान. तीन बाजूंना लोकांच्या गॅलऱ्या आणि चौथ्या बाजूला मुताऱ्या. पण तेवढ्या जागेत त्यांची टाळी अशी वाजायची, की गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकाही क्षणभर सरळ उभ्या राहत. "शिट्टी कुत्र्याला मारतात. पोरांना माणसानं बोलवावं," असं ते म्हणत.

मी त्या शाळेत कारकून होतो. कारकुनाला शाळेत कुणी भीत नाही आणि दाखल्यापुरतं सोडून कुणी विचारत नाही, त्यामुळे माणसं बघायला भरपूर वेळ मिळतो. मुजावर सरांना मी वर्षानुवर्षं खिडकीतून बघितलं. उंची बेताची, अंगात मांस म्हणून नाही, दर रविवारी पांढऱ्या पॉलिशनं रंगवलेले कॅनव्हासचे बूट. शर्टाच्या खिशात फुटाणे. कुणी भेटलं की चार फुटाणे हातावर ठेवायचे, पाचवा नाही. "पाचवा खाल्ला की माणूस बसतो," हे त्यांचं शास्त्र. गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या शाळेच्या लेझीम पथकाला पेठेत तोड नव्हती, आणि ते पथक मुजावर सरांनी बसवलेलं असे. शुक्रवारी दुपारी नमाज पढून आले की तडक मैदानात, हलगीवाल्याच्या अंगावर खेकसायला.

ते चिडले, की मुलांना 'आपण' म्हणत. "आपण मैदानाबाहेर व्हावं," एवढं वाक्य कानावर आलं की दांडगे दांडगे मुलगे रडकुंडीला येत. एरवी सगळ्या पोरांना अरे-तुरे. एकदा त्यांनी मुख्याध्यापकांनाही असंच आदरानं विचारलं होतं, "मैदानात आपली स्कूटर आपण उभी केलीत का?" दुसऱ्या दिवसापासून मुख्याध्यापक चालत येऊ लागले.

अशा माणसाचं आफ्रिकेशी काय नातं? तर सायमन.

सायमन हा टांझानियाचा मुलगा. पुण्यात कॉमर्स शिकायला आलेला. त्या काळी असे बरेच परदेशी विद्यार्थी पुण्यात असत आणि पेठांमधून ते चालले, की लोक हातातलं काम टाकून बघत बसत. सायमनला पळायचा नाद. पहाटे आमच्या मैदानाचं फाटक उघडं दिसलं म्हणून तो आत आला, आणि सरांनी त्याला हाकलण्याऐवजी त्याचा पाय टेकतो कसा ते बघितलं. मग दोन वर्षं रोज सकाळी दोघं मैदानात. तो सरांना 'मवालिमू' म्हणे. त्यांच्या भाषेत मवालिमू म्हणजे शिक्षक. "आमच्याकडे मुअल्लिम म्हणतात. घरातलाच शब्द निघाला," असं सांगताना सर लहान मुलासारखे हसले होते. पदवी घेऊन सायमन परत गेला आणि आपल्या गावात मास्तर झाला.

तिथून त्याचं पत्र आलं. शाळेला भिंती नाहीत, आंब्याखाली दोन वर्ग एकाच वेळी भरतात, पाऊस आला की शाळा सुटते. गावकरी स्वतः विटा भाजायला तयार आहेत, पण पत्रे आणि सिमेंट कुठून आणायचं? पत्र इंग्रजीत होतं. ते मी सरांना वाचून दाखवलं. सरांना इंग्रजी कळायचं, पण ते म्हणायचे, इंग्रजीत ऐकलेलं मला खोटं वाटतं, तुम्ही मराठीत सांगा. तेव्हापासून त्या दोघांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातून झाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी शिक्षकांच्या खोलीत विषय काढला. मी मैदानाला शंभर फेऱ्या मारतो, तुम्ही सायमनच्या शाळेला पैसे द्या. खोलीत एकदम सगळ्यांना पेपर तपासायचे आठवले. गणिताचे मास्तर म्हणाले, "अहो सर, आपल्या मुळशीत शाळा गळतायत. आफ्रिका कुठे काढलीत?"

"मुळशीला काय पाठवलंत आपण?" सरांनी 'आपण' वापरलं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी दाराशी हजेरीपट घेऊन उभा होतो. न राहवून बोललो, "ते आफ्रिकेचं राहू द्या. शंभर फेऱ्या? या वयात? जमणार नाही तुम्हाला."

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आपटेसाहेब, हे लिहून द्याल?"

तिथून तो प्रकार सुरू झाला. पुण्याचा माणूस देणगी मागितली तर पाचशे प्रश्न विचारतो, पण तुम्हाला जमणार नाही हे सिद्ध करायला खिशातून पैसे काढतो, हे त्या माणसानं एका वाक्यावरून ओळखलं. सूचनाफलकावर, गैरहजर विद्यार्थ्यांच्या यादीशेजारी, त्यांनी कागद लावला: 'जमणार नाही म्हणणारे'. जमलं तर यातल्या प्रत्येकानं ठरलेली रक्कम द्यायची. नाही जमलं तर सरांनी भर मैदानात प्रत्येकाच्या पाया पडायचं. पहिलं नाव माझं. दोन दिवसांत कागद भरला. लोकांनी आपणहून कारणाचा रकाना आखला. कुणी लिहिलं गुडघे, कुणी लिहिलं वय, चित्रकलेच्या बाईंनी लिहिलं 'एकंदर प्रकृती'. समोरच्या गॅलरीतले एक पेन्शनर खास जिना उतरून सही करायला आले. एक-दोन भाबड्यांनी येऊन सांगितलं, आमचा विश्वास आहे सर, हे घ्या पैसे. सरांनी परत केले. "विश्वास असणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात. पैसे शंकेखोरांचे. विश्वासाचे पैसे म्हणजे खैरात."

त्यांनी शंभर फेऱ्या मारल्या आणि वर एक मारली. "मोजणाऱ्याच्या चुकीची," म्हणाले. गॅलऱ्यांमधून लोक ओरडत होते आणि पेन्शनर हातात पाकीट घेऊन कठड्याला टेकले होते. हरल्याचा इतका आनंद झालेली माणसं मी त्याआधी बघितली नव्हती. सहा महिन्यांनी फोटो आला. विटांची खोली, वर चकचकीत पत्रे, दारात सायमन आणि पांढरे शर्ट घातलेली मुलं.

तीन वर्षांनी दुसरी खोली. तेव्हा सरांनी काढलं, की नगर रस्त्यानं वाघोलीपर्यंत सायकलवर जायचं आणि परत यायचं, एका दिवसात पाच वेळा. मी विचारलं, "वाघोलीच का?" म्हणाले, "रस्ता सपाट आहे." मला ते पटलं नव्हतं. त्याहून सपाट रस्ते पुण्याला पुष्कळ होते. पण कागदावर तोवर इतकी नावं पडली होती, की मी वाद घातला नाही.

वाघोली तेव्हा गाव होतं. मी शाळेचा रबरी शिक्का आणि शाईची डबी घेऊन तिथल्या चहाच्या टपरीवर बसलो. सर आले की त्यांच्या कागदावर शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. तिसऱ्या खेपेला टपरीवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "कोन हाय ओ ह्यो बाबा? सारका येतोय आन् जातोय."

"आफ्रिकेतल्या शाळेसाठी करतायत."

"आफ्रिका नगरच्या पुढं हाय का?"

"थोडी पुढे."

म्हातारा विचारात पडला. मग म्हणाला, "आमच्याकडं बी एक हुता आफ्रिकेचा. दोन वर्सं हुता. गोठ्याला लागून खोली हाय, तितं. लई गुणी पोरगं. रोज पाटंचं उठून सायकलवर पुन्याला पळायला जायाचं. म्या म्हनायचो, आरं बाबा, हितंच पळ की."

तो सायमन होता, हे मला तेव्हा कळलं. पाचव्या खेपेला सर आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. वाटलं, ते खूश होतील. ते उतरले. सायकल उभी केली आणि म्हाताऱ्यामागून त्याच्या गोठ्यापर्यंत चालत गेले. खोलीचं दार ढकलून आत बघितलं. बराच वेळ तसेच उभे होते. मग परत येऊन शिक्क्यासाठी कागद पुढे केला आणि सायकलवर बसले. मला वाटलं, माणूस दमलाय, जरा सावली शोधत असेल.

त्यानंतर सर निवृत्त झाले आणि पाठोपाठ मीही झालो. तिसऱ्या खोलीचा विषय पत्रांमधून चालूच होता. दोन खोल्यांत पाचवीपर्यंतची मुलं मावत. पुढचे वर्ग दुसऱ्या गावी. मुलगे चालत जात, मुली घरी बसत. तिसरी खोली झाली तर सातवीपर्यंत गावातच शिकता येईल, असं सायमननं लिहिलं होतं. सरांनी ठरवलं, पर्वती चढायची. एका दिवसात पंचवीस वेळा.

नेमकं तेव्हाच त्यांचं हृदय बिघडलं. दवाखान्यातून घरी आले ते पंधरवड्यानं, निम्मे होऊन. आणि आठ दिवसांत पेठेत दारोदार फिरायला लागले. कागद हातात, 'जमणार नाही म्हणणारे'. खाली रकाने आखलेले, नाव एकही नाही. कारण लोक बदलले होते. गणिताच्या मास्तरांनी त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "सर, तुम्हाला काय अशक्य आहे?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही पन्नास वेळाही चढाल." पेन्शनर वारले होते. त्यांच्या मुलानं घरात बोलावून सरबत दिलं आणि पाकिटात पैसे घालून पुढे केले. सरांनी सरबत घेतलं. आयुष्यभर ज्यांनी तोंडावर वाट्टेल ते ऐकवलं, ती सगळी माणसं अचानक गोड बोलायला लागली. सरांची स्थिती बघून बोलत होती, दुसरं काय? आणि ते सरांना कळत होतं.

शमीमभाभी, त्यांच्या बायको, एका दुपारी आमच्याकडे आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "भाईसाहेब, डॉक्टरांनी घरचा जिनासुद्धा बंद केलाय. ते सगळीकडे फिरून आता तुमच्याकडे येणार. तुम्ही त्यांना नाही म्हटलं ना, की ते चढणार. तुम्ही 'जमेल' म्हणा. तुमच्या पाया पडते."

"अहो भाभी, पाया कसल्या पडता! म्हणतो."

दुसऱ्या दिवशी ते आलेच. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. मी आतून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत होतो. चार पायऱ्या आणि शांतता, मग पुन्हा तीन पायऱ्या. आत आले, खुर्चीत बसले. मी पाणी पुढे केलं तर हातानं बाजूला सारलं.

"आपटेसाहेब, पाण्याआधी तुमचं ते वाक्य म्हणा."

मी म्हणालो, "तुम्हाला जमेल, सर."

नंतर त्यांनी कागदाची घडी घातली. "तुमची भाभी येऊन गेली," ते म्हणाले. मग त्यांनी पाणी घेतलं, थोडा दम खाल्ला आणि मला जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"बुधवार पेठेतलं आमचं घर तुम्ही पाहिलंय. खाली दुकान, मध्ये आम्ही, वर एक खोली. सायमन पुण्यात आला तेव्हा महिनाभर खोलीसाठी हिंडत होता. दार उघडायचे, तोंड बघायचे आणि सांगायचे, कालच दिली. एके दिवशी पळून झाल्यावर त्यानं मला विचारलं. तुमच्याकडे वर खोली आहे ना, मवालिमू? मी सांगितलं, कालच दिली." त्यांनी पेला खाली ठेवला. "खोली रिकामी होती. पुढं दोन वर्षं रिकामीच राहिली. गल्लीत आमचं एकच घर, आपटेसाहेब. आधीच लोक आमच्याशी जपून बोलतात. त्यात वर हा ठेवला तर काय म्हणतील, असं मनात आलं. मलाही आयुष्यात किती जणांनी 'कालच दिली' सांगितलंय. आणि मी तेच वाक्य त्या पोराला सांगितलं. तो गोठ्याशेजारी राहिला आणि रोज वाघोलीहून सायकल मारत माझ्याकडे शिकायला आला."

मी रिकामा पेला उचलून आत ठेवून आलो.

"आता म्हणा," ते म्हणाले. "एकाचं नाव पडलं की मी चढतो. बाकीचे येतील मागून."

मी तरीही म्हणालो नाही. भाभींना दिलेला शब्द होता, आणि खरं सांगायचं तर भीती होती. माझ्या एका वाक्यावर हा माणूस पर्वतीच्या पायऱ्यांवर जाईल, ही भीती. ज्या वाक्यानं इतकी वर्षं त्यांना पळवलं, ते त्या दिवशी मी त्यांना दिलं नाही. मी बरोबर वागलो असं सगळे म्हणतात. भाभीही म्हणतात. मला मात्र अजून तसं म्हणवत नाही.

"बरं," सर म्हणाले. "मग पत्र तरी लिहा."

त्यांनी सायमनला पत्र सांगितलं. मी इंग्रजीत लिहीत गेलो. खोलीच्या वाक्याशी आलो आणि जन्मभराची कारकुनी सवय आडवी आली. 'काही अपरिहार्य अडचणींमुळे खोली उपलब्ध करून देता आली नाही,' असं मी लिहिलं. सरांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं.

"अडचण कुठली? अडचण नव्हती. खोली होती. हे खोडावं आपण."

आयुष्यात पहिल्यांदा ते मला 'आपण' म्हणाले त्या सुरात. मी खोडलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: खोली रिकामी होती आणि मी खोटं बोललो. खाली त्यांनी सही केली.

त्यानंतर तेराव्या दिवशी दुपारी झोपेत ते गेले. दफनाला अर्धी पेठ लोटली होती. माती देताना गणिताचे मास्तर मोठ्यानं रडले.

तिसरी खोली झाली. शोकसभेत कुणीतरी विषय काढला आणि लोकांनी तिथल्या तिथे पैसे दिले. पैज नाही, प्रश्न नाही. जिवंतपणी ज्याला त्यांनी खैरात म्हणून हात लावला नव्हता, ते मेल्यावर त्यांना परत करता आलं नाही. त्या खोलीत आज मुली सातवीपर्यंत शिकतात, हे चांगलंच आहे. मी उगाच त्यात काही काढत नाही.

सायमनचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. ते सरांच्याच नावानं होतं; सर गेल्याचं माझं पत्र त्याला तोवर मिळालं नव्हतं. मी भाभींना मराठीत वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, 'मवालिमू, मला माहीत होतं. तुम्ही खोली दिली गेली म्हणालात, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी नवे बूट घेऊन आलात. बूट माझ्या हातात देताना तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मला कळलं, की खोली रिकामी आहे. मी एकदा परत जायचा विचार केला होता. पण महिनाभरात ज्यांनी मला दारातून घालवलं, त्यांतल्या कुणालाही रात्री झोप आली नसेल असं मला वाटलं नाही. तुमच्याबद्दल वाटलं. म्हणून मी वाघोलीहून येत राहिलो.'

भाभींनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आधी यायला हवं होतं हो."

सरांना मी शेवटचं पाहिलं ते आम्ही पत्र टाकायला गेलो त्या दिवशी. सकाळची अकराची वेळ. पत्र मी टाकतो म्हटलं, तर ऐकलं नाही. स्वतः आले. टपालपेटीच्या फटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आत गेलं की परत निघत नाही ना?"

"नाही. कुलूप असतं."

"बरं." त्यांनी सोडलं. मग वाकून फटीतून आत बघितलं. सरळ उभं राहायला त्यांना वेळ लागला.

"काय लिहील हो तो?"

मी पुण्याचा. वेळेला नेमकं कोरडं बोलायची खोड. म्हणालो, "काय लिहायचंय? पत्र पोचलं म्हणून लिहील."

"तेवढं लिहिलं तरी पुरे आहे," ते म्हणाले.

मग ते बुधवाराच्या दिशेनं निघाले. रेडिओ-टीव्हीच्या दुकानांची रांग लागते, तिथे दुसऱ्याच दुकानासमोर ते थांबले आणि काचेला हात टेकून आतले टीव्ही बघू लागले. त्यांच्या घरात टीव्ही होता, आणि तोही ते कधी लावत नसत. दुकानदार स्टूल घेऊन बाहेर आला, तर त्यांनी मान हलवून त्याला आत पाठवलं. मी टपालपेटीपाशीच उभा होतो. हाक मारली तर ते दमल्याचं मला दिसलं, हे त्यांना कळेल, म्हणून मी हाक मारली नाही. थोड्या वेळानं त्यांनी काचेवरचा हात काढला आणि ते चालायला लागले.